थंडीत डिझेल गाडी सुरू होत नाही : रोग कसा ओळखावा?

डिसेंबर-जानेवारीचे दिवस आमच्या कापड धंद्यात कमाईचे. लग्नसराई असते, आठवडी बाजार भरतात, बाहेरगावची मागणी असते. नेमकी याच दिवसांत पहाटे गाडी अडून बसते. मालेगाव, धुळे, निफाड या पट्ट्यात काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. फजरनंतर गाठी भरून निघालेल्या माणसाला नऊच्या आत बाजारात जागा धरायची असते. गाडी दहाला सुरू झाली तर त्याचा दिवस गेला, आणि ज्या कारागिराचे सगळे भांडवल एका गाडीत आहे त्याचा आठवडा गेला. वर गॅरेजचे बिल येते ते वेगळे. "पंप उतरवावा लागेल, नोझल बदलावे लागतील" असे मिस्त्रीने सांगितले की आपण मान हलवतो, कारण दुसरे काही विचारायचे तर आपल्याला माहिती नसते.

आम्ही मिस्त्री नाही. आमचा व्यवसाय कापडाचा. परंतु पंचवीस-तीस वर्षे डिझेल गाड्यांवर माल वाहिला, गॅरेजच्या बाकड्यावर बसून अनेक सकाळी घालवल्या, चांगल्या मिस्त्रींना प्रश्न विचारले. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. थंडी सहसा नवा रोग आणत नाही, आधीपासून असलेला रोग उघडा पाडते. तो कोठे आहे हे खिशात हात घालण्यापूर्वी बऱ्याच अंशी ओळखता येते. हकीम औषध देण्याआधी नाडी पाहतो, तशी गाडीची नाडी कशी पाहावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ठिणगीविना पेटणारे इंजिन

पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी इंधन पेटवते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ मध्ये ज्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये जिचे यशस्वी इंजिन चालवून दाखवले, ती कल्पना अशी की हवा इतकी दाबावी की ती दाबानेच तापेल. सायकलीत हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. डिझेल इंजिनात हवा तिच्या मूळ जागेच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शात कोंबली जाते. तेव्हा ती ५०० अंशांच्या वर तापते. त्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा पडला की तो आपोआप पेटतो.

आता थंडीत काय होते ते पाहा. सिलिंडरचे लोखंड गार असते, ते हवेची उष्णता शोषून घेते. इंजिन हळू फिरले तर उष्णतेला निघून जायला आणखी वेळ मिळतो, शिवाय दाबलेली हवा रिंगांच्या बाजूने निसटते. म्हणून पहाटे गाडी सुरू व्हायला चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. इंजिन वेगाने फिरले पाहिजे, डिझेल वेळेवर पोचले पाहिजे, गरज असेल तेथे हीटर प्लगची मदत मिळाली पाहिजे आणि सिलिंडरने हवा कोंडून धरली पाहिजे. दुपारी हवा गरम असते, तेव्हा यातले एखादे कमजोर असले तरी बाकीचे सांभाळून घेतात. पहाटे सांभाळून घेणारे कोणी नसते.

आपले इंजिन कोणत्या जातीचे आहे हेही माहीत असावे. १९९८ साली आलेल्या पहिल्या इंडिकासारख्या जुन्या इंजिनात डिझेल आधी डोक्यातील एका छोट्या कप्प्यात पेटते. हा कप्पा उष्णता फार खातो, म्हणून अशा इंजिनाला थंड असताना प्रत्येक वेळी हीटर प्लगची गरज लागते. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर, फार मोठ्या दाबाने आणि धुक्यासारखे बारीक पडते. ते आपल्याकडच्या १०-१२ अंशांच्या थंडीत बहुधा हीटर प्लगविनाही सुरू होते. तेव्हा कॉमन रेल गाडी मालेगावच्या थंडीत अडली आणि कोणी पाहताक्षणी "हीटर गेले" म्हणाला, तर त्याला दोन प्रश्न अधिक विचारावेत.

प्रथम कान लावा

चावी फिरवली की सेल्फचा आवाज ऐका. रोज ज्या वेगाने फिरतो त्याच वेगाने फिरतो आहे, की कण्हत कण्हत फिरतो? साधारणपणे मिनिटाला दीडशे-दोनशे फेऱ्यांपेक्षा कमी वेग असेल तर डिझेल इंजिन पेटण्याची आशा धरू नये. फेऱ्या मोजायची गरज नाही. आपल्या गाडीचा निरोगी आवाज आपल्या कानाला माहीत असतो, जसा यंत्रमागाच्या खडखडाटातला फरक विणकराला डोळे मिटून कळतो.

सेल्फ सुस्त असेल तर डिझेल, पंप, नोझल यांचा विषयच काढू नये. दोष विजेच्या बाजूचा आहे. बॅटरी हे रसायनांचे भांडे आहे आणि थंडीत रसायने सुस्तावतात. शून्य अंशाच्या आसपास बॅटरीची ताकद सुमारे एक तृतीयांश घटते, आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. म्हणजे पहाटे उत्पन्न कमी आणि खर्च जास्त.

साधा मल्टीमीटर इलेक्ट्रिकच्या कोणत्याही दुकानात मिळतो, आणि आमच्या मते तो गाडीवाल्या प्रत्येक व्यापाऱ्याजवळ असावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. १२ च्या खाली असेल तर तिच्याकडून पहाटे काही अपेक्षा ठेवू नये. खरी परीक्षा मात्र सेल्फ मारताना होते. दुसऱ्याला चावी फिरवायला सांगून काटा पाहा. तो साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी भरलेली दिसली तरी आतून म्हातारी झाली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे नसतील तर नवी बॅटरी टाकूनही महिन्याभरात तोच तमाशा होईल, कारण दोष चार्जिंगचा आहे.

बॅटरी बदलण्याआधी तिचे टर्मिनल आणि इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी काढून घासावी. पांढरी-हिरवी बुरशी जमली असेल तर सेल्फच्या वाटची वीज तेथेच अडते. तपास सोपा आहे. मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला आणि दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ खराब आहे. हे काम कानस पेपर आणि पान्याचे आहे, त्यासाठी कोणाला हजारो रुपये द्यायचे कारण नाही.

ऑइलबद्दल एवढेच की कंपनीच्या पुस्तिकेत ज्या दर्जाचे लिहिले आहे तेच टाकावे. नव्या इंजिनात स्वस्त म्हणून २०-डब्ल्यू-५० ओतले की पहाटे सेल्फला चिखलातून बैलगाडी ओढावी लागते.

आता धूर पाहा

सेल्फ जोमात फिरतो आहे आणि तरी गाडी पेटत नाही, असे असेल तर एका माणसाला सायलेन्सरमागे उभे करा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. या दहा सेकंदांत जे कळते ते कित्येकदा अर्धा दिवस इंजिन खोलूनही कळत नाही.

धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येतो, म्हणजे डिझेल पोचते पण पेटत नाही. या दोन गोष्टींचे उपाय अगदी वेगळे आहेत, आणि लोकांचे पैसे बहुधा यांची गल्लत झाल्यानेच जातात. काळा धूर सहसा सुरू झाल्यावरचा विषय आहे. तो दिसला तर आधी एअर फिल्टर काढून पाहावा.

धूर नाही : डिझेलची वाट अडली

रात्री उभी केलेली गाडी सकाळी खूप वेळ सेल्फ मारल्यावर सुरू होते, मग दिवसभर ठीक चालते, असे असेल तर सर्वांत आधी लाइन हवा घेते का ते पाहावे. टाकीपासून पंपापर्यंतची नळी, फिल्टरची वायसर, हँड पंपाचे रबर, कोठेही केसाएवढी फट असली तरी रात्रीतून हवा आत शिरते आणि डिझेल मागे टाकीत उतरते. सकाळी पंपाला डिझेलऐवजी हवा मिळते. फट इतकी बारीक असते की बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही.

याचा फुकटातला तपास असा. रात्री गाडी उतारावर, तोंड खाली आणि टाकी वर राहील अशी उभी करा. त्या सकाळी गाडी पटकन सुरू झाली आणि सपाटीवर उभी केल्यावर पुन्हा अडली, तर संशय पक्का समजावा. जुन्या पद्धतीच्या गाडीत हँड पंप असतो. सकाळी तो मऊ, पोकळ लागला आणि दहा-पंधरा वेळा दाबल्यावर कडक झाला, तरी अर्थ तोच. मिस्त्रीकडून फिल्टर आणि पंपाच्या मधे वीतभर पारदर्शक नळी लावून घ्यावी. बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

आमच्या ओळखीच्या एका साडी व्यापाऱ्याच्या जुन्या गाडीचे पाहा. दोन हिवाळे ती पहाटे छळत होती. एका गॅरेजने पंप उतरवून दुरुस्त केला, पुढे नोझलही बदलले. गाडी गॅरेजमध्ये दुपारी जायची, तेव्हा एका हाकेत सुरू व्हायची आणि "झाले काम" म्हणून परत यायची. अखेर एका वयस्क मिस्त्रीने गाडी रात्रभर आपल्याकडे ठेवून घेतली आणि सकाळी हात लावण्याआधी पारदर्शक नळी बसवली. दोष निघाला हँड पंपाच्या रबरात. थंडीत रबर कडक होऊन आकसत होते आणि हवा शिरत होती, उन्हात ते मऊ होऊन फट बुजत होती. दोन हिवाळ्यांची बिले एका बाजूला आणि एक मामुली रबर दुसऱ्या बाजूला. त्या मिस्त्रीची अक्कल रात्रभर गाडी ठेवून घेण्यात होती. थंडीचा रोग थंड इंजिनावरच दाखवावा लागतो. जो मिस्त्री गार गाडी पाहायला तयार नाही, त्याला पंपाला हात लावू देऊ नये असे आमचे मत आहे.

हवेचा दोष नसेल तर फिल्टर पाहावा. त्याच्या तळाचा बोल्ट सैल करून थोडे डिझेल काचेच्या ग्लासात घ्या. पाणी असेल तर ते खाली वेगळे बसलेले दिसते. हिवाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्री गार होते आणि आतल्या हवेतले बाष्प थेंब होऊन डिझेलमध्ये उतरते, म्हणून या दिवसांत टाकी भरलेली ठेवावी. जुन्या पंपावर डिझेल बंद करणारा एक छोटा विजेचा व्हॉल्व्ह असतो. चावी चालू करताच त्याचा 'टिक' असा आवाज यायला हवा. आवाज नाही तर डिझेलला दार बंद आहे. पुष्कळदा तेथली एक सुटलेली वायरच दोषी निघते.

डिझेल गोठण्याबद्दल आपल्याकडे गैरसमज फार आहेत. डिझेलमध्ये मेणासारखे अंश असतात. थंडीत त्यांचे कण होतात, डिझेल गढूळ दिसते आणि कण फिल्टरमध्ये अडकतात. हा त्रास खरा आहे, पण तो मुख्यतः काश्मीर-लडाखचा. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले, ते याच कारणाने. आपल्या भागात पंपावरून ताजे भरलेले डिझेल सहसा गोठत नाही. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. भारतीय मानकात डिझेल वाहते राहण्याच्या तापमानाची मर्यादा हिवाळ्यासाठी ३ अंश आणि उन्हाळ्यासाठी १५ अंश आहे. म्हणजे जनरेटरसाठी मे महिन्यात पिंपात भरून ठेवलेले डिझेल जानेवारीच्या पहाटे गाडीत ओतले, तर ते गढूळ होण्याची शक्यता आहे. काचेच्या बाटलीत थोडे घेऊन रात्री अंगणात ठेवले की सकाळी कळते.

पांढरा धूर : डिझेल आले, उष्णता नाही

जुन्या कप्प्याच्या इंजिनात येथे पहिला संशय हीटर प्लगवर घ्यावा. चावी चालू करून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबा, चावी बंद करा, पुन्हा चालू करून थांबा, असे दोन-तीन वेळा करून मग सेल्फ मारा. एरवी अडणारी गाडी अशाने सुरू झाली तर हीटर कमी पडत आहेत. दिवा लागतो म्हणजे हीटर चांगले, ही समजूत चूक आहे. अनेक गाड्यांत प्लग जळून गेले तरी दिवा ठरल्याप्रमाणे लागतो आणि विझतो.

तपास मल्टीमीटरनेच होतो. इंजिन थंड आणि चावी बंद असताना प्लगची वायर काढून प्लगचे टोक व इंजिनचे लोखंड यांमधला रोध मोजावा. चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. काटा अनंतावर गेला तर प्लग जळाला. सगळेच प्लग चांगले असतील तर वायर जोडून, चावी चालू करून तेथे वीज येते का ते पाहावे. येत नसेल तर दोष रिले किंवा मोठ्या फ्यूजचा आहे. काही फार जुन्या गाड्यांत प्लग माळेसारखे एकामागून एक जोडलेले असत, तेथे एक गेला की सगळे गार. नव्या गाड्यांतील काही प्लग १२ व्होल्टचे नसतात, कमी व्होल्टचे असतात. ते थेट बॅटरीला लावून "लाल होतो का पाहू" असा प्रयोग केला तर चांगला प्लगही जळतो.

गाडी सुरू होते, पण पहिला एक मिनिट लंगडत चालते, पांढरा धूर सोडते आणि मग सावरते, असे असल्यास एखादाच प्लग गेलेला असतो किंवा एखादाच सिलिंडर कमजोर असतो.

हीटर ठीक असूनही पांढरा धूर राहिला तर मग नोझलचा फवारा, पंपाचा टायमिंग आणि शेवटी कॉम्प्रेशन पाहावे लागते. कॉम्प्रेशन कमी झाल्याची खूण अशी की गरम इंजिन लगेच सुरू होते, गार इंजिनच छळते, ऑइल खाल्ले जाते आणि चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण काढले की जोराने भपके येतात. तरीही भपक्यांवर भरवसा ठेवून इंजिन बांधायला देऊ नये. प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजने मोजून आकडे कागदावर लिहून मागावेत. निरोगी इंजिन साधारण ४०० पीएसआयच्या आसपास दाखवते. ३०० च्या खाली गेले, किंवा एक सिलिंडर इतरांपेक्षा फारच मागे पडला, तरच मोठ्या खर्चाची गोष्ट काढावी.

कॉमन रेल गाड्यांचे वेगळे

या गाड्यांत संगणक बसलेला आहे. रेलमध्ये ठराविक दाब, साधारण २००-३०० बार, तयार होईपर्यंत तो नोझल उघडतच नाही. एखादे नोझल झिजून आतल्या आत डिझेल परतीच्या नळीत सोडत असेल तर दाब चढायला वेळ लागतो आणि सेल्फ मारत बसावे लागते. अशी गाडी गरम असतानाही उशिरा सुरू होते. हा फरक ध्यानात ठेवावा. तपासासाठी चारही नोझलांच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडतात. ज्या बाटलीत इतरांपेक्षा फार जास्त डिझेल जमते तेच नोझल दोषी, मग चारही बदलायचे कारण नाही. त्याआधी स्कॅनर लावून सेल्फ मारताना रेलचा दाब किती चढतो आणि इंजिनच्या फेऱ्या संगणकाला दिसतात का, हे विचारावे. फेऱ्या शून्य दिसत असतील तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर पाहावी.

एक सक्त ताकीद. जुन्या गाडीत नोझलची नळी सैल करून "डिझेल येते का" हे पाहण्याची पद्धत होती. कॉमन रेल गाडीत ती कोणालाही करू देऊ नये. तेथील दाबाने उडालेली धार कातडी फाडून आत शिरते. वरून जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. तशी इजा झालीच तर दुखत नाही म्हणून घरी न थांबता थेट मोठ्या दवाखान्यात जावे.

काही घातक नुस्खे

एअर फिल्टर काढून तोंडाशी पेटता बोळा धरणे, हा प्रकार ट्रकवाल्यांकडून आपल्या लोकांत आला आहे. ज्या गाडीत कापडाच्या गाठी भरल्या आहेत तिच्याजवळ उघडी आग धरणे म्हणजे मालासह गाडी जाळण्याची तयारी. ईथरचा फवारा मारणे हीटर प्लगच्या इंजिनात त्याहून वाईट. तापलेल्या प्लगवर ईथर वेळेआधी भडकतो आणि पिस्टन किंवा रिंग मोडते. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणेही सोडून द्यावे. पंपाला वंगण डिझेलच देते, रॉकेल ते काम नीट करत नाही. ढकलून सुरू करण्याचा मार्ग जुन्या गाडीपुरता ठीक. टायमिंग बेल्टच्या नव्या गाडीत झटक्याने बेल्टचा दात सरकला तर व्हॉल्व्ह वाकतात. त्यापेक्षा दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जाड केबल जोडावी. पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह आधी, आणि निगेटिव्हचे शेवटचे टोक बॅटरीला न लावता बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांवर मारू नये, मधे मिनिटभर थांबावे.

जुनी डिझेल गाडी घेणाऱ्या बांधवांसाठी एक गोष्ट राहिली. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी विकणे बंद केले, इतर कंपन्यांनीही छोट्या डिझेल गाड्या कमी केल्या. त्यामुळे आपल्यातील पुष्कळ लोक आता सेकंडहँड बाजारातच डिझेल गाडी शोधतात. विकणारा गाडी सुरू करूनच दारात आणतो, कारण गरम इंजिन आपले दोष लपवते. सौदा करायचा तर हिवाळ्यात, सकाळी, आणि आधी न कळवता जावे. बोलणी सुरू करण्यापूर्वी बोनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर चहा घ्यावा, किमतीचा विषय काढू नये, आणि उद्या पहाटे पुन्हा येतो असे सांगून परत फिरावे.